कुठं लिहिलंय?

जूनमधल्या एका रविवारी माझ्या लेकीनं मला दहापैकी चार मार्क दिले आणि वर म्हणाली, "पप्पा, तुम्ही लई विचार करता." चोवीस वर्षं मी शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत क्वालिटीला आहे. विचार न करता सही केलीस म्हणून बोलणी खाल्लीत. जास्त विचार केला म्हणून मार्क कापले जायची ही पहिलीच वेळ.

पोरगी बारावी कॉमर्सला आहे. डिसेंबरात क्लॅट देणार, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांची प्रवेश परीक्षा. १२० प्रश्न, दोन तास. बरोबरला एक मार्क, चुकलं की पाव मार्क वजा. त्यातले बावीस ते सव्वीस प्रश्न तर्काचे. तर्क म्हटल्यावर मला आमच्या वेळची 'अ हा ब चा भाऊ, क ही ब ची मामी' असली भानगड आठवली आणि मी उत्साहानं पुढं सरसावलो. ती म्हणाली, तसलं आता नसतं. २०२० पासून उतारा देतात आणि त्याच्यावर विचारतात. सरावाला तिनं अमेरिकेतल्या एलसॅट परीक्षेचे जुने पेपर पण काढलेत. ती तिकडच्या लॉ कॉलेजांची परीक्षा. तिच्यातला कोडी सोडवायचा विभाग २०२४ च्या ऑगस्टपासून काढून टाकला आणि आता तर्काचेच दोन विभाग असतात म्हणे. "क्लासला जातो, पण हे घरीच करतो," असं तिचं म्हणणं. (बाहेरच्या वाचकांसाठी: कोल्हापुरात पोरी 'जातो, करतो'च म्हणतात. दुरुस्त करायला जाऊ नये.)

तर पहिला प्रश्न असा होता. मूळ इंग्रजीत, मी आपल्या भाषेत आणि आपल्या अंदाजानं सांगतो.

एका शहरात सात सार्वजनिक वाचनालयं आहेत. सातही वाचनालयांनी संध्याकाळची वेळ दोन तासांनी वाढवली. सातपैकी चार ठिकाणी अभ्यासिका आहे, तीन ठिकाणी नाही. पुढच्या सहा महिन्यांत अभ्यासिका असलेल्या चारही वाचनालयांचे सभासद वाढले, बाकी तिन्हींचे होते तेवढेच राहिले. यावरून पुढीलपैकी कशाला सर्वाधिक आधार मिळतो?

अ, वेळ वाढवल्यामुळे सभासद वाढले. ब, अभ्यासिका सुरू केली तर कुठल्याही वाचनालयाचे सभासद वाढतील. क, जादा वेळ मिळूनही काही वाचनालयांचे सभासद वाढले नाहीत. ड, लोक हल्ली वाचनासाठी कमी आणि परीक्षेच्या अभ्यासासाठी जास्त वाचनालयात जातात.

मी डोळे झाकून ड सांगितलं. आम्ही कसबा बावड्यात राहतो. इथल्या अभ्यासिकेत पहाटे सहाला पोरं येऊन बसतात, कोण एमपीएससीचं, कोण पोलीस भरतीचं. बॅग ठेवून जागा धरतात, त्यावरनं भांडणं होतात. कादंबरी वाचायला आलेला माणूस मी तिथं वर्षानुवर्षं बघितला नाही. त्यामुळं ड हे उत्तर मला वाचायलाही लागलं नाही, ते मला आधीच माहीत होतं.

"क," ती म्हणाली.

"क? अगं, ते काय उत्तर आहे का? ते तर वरच लिहिलंय!"

"म्हणूनच."

मी वाद घातला. म्हटलं, हे माझ्या डोळ्यांनी बघितलेलं आहे. ती म्हणाली, "तुमच्या डोळ्यांनी बघितलेलं पेपरात कुठं लिहिलंय?" त्यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं, म्हणून मी मिसळीचा पाव आणायला उठलो.

पाव आणेपर्यंत डोक्यात तेच. मला राग कशाचा आला होता, तर उत्तर चुकलं याचा नाही. बरोबर उत्तर इतकं फिकं निघालं याचा. काही ठिकाणी सभासद वाढले नाहीत, बरं मग? कट्ट्यावर असं वाक्य कोणी बोलला तर पुढचा माणूस म्हणेल, "मग?" आपल्याकडं बोलायचं म्हणजे दणकून बोलायचं. पाऊस पडला तर 'असला पाऊस जन्मात बघितला नाही'. एखादा पैलवान हरला तर 'कुस्ती फिक्स होती'. जपून बोलणाऱ्याला आपण 'मिळमिळीत' म्हणतो. आणि ही परीक्षा नेमकी त्या मिळमिळीत माणसाला मार्क देते.

पण खरं सांगायचं तर हा धडा मी तेवीस-चोवीस वर्षांपूर्वी शिकलो होतो, पगार घेऊन शिकलो होतो, आणि रविवारच्या लुंगीत विसरलो होतो.

नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं. पंपाच्या बॉडीचं एक कास्टिंग, म्हणजे ओतीव नग, आम्ही पाठवायचो. मशीनिंगला गेल्यावर त्यातल्या बऱ्याच नगांत आतल्या बाजूला भोकं उघडी पडली. माल परत आला. रिपोर्ट माझ्याकडं. जुलै महिना, बाहेर धो धो पाऊस, भोकं आतून गुळगुळीत. गुळगुळीत भोक म्हणजे गॅस अडकला, हे नव्या पोरालाही शिकवलेलं असतं. ओढीचं, म्हणजे धातू थिजताना आकसून पडलेलं, भोक असतं ते आतून खडबडीत असतं. मी जोरात लिहून टाकलं: 'वाळूत ओलावा जास्त असल्यामुळे ब्लोहोल.' पावसाळा आहे, वाळू ओली असणारच, वाफ होणारच. डोक्यात सगळं चपखल बसलेलं.

सँड प्लांटचा फोरमन रजिस्टर घेऊन आला. ओलावा साडेतीन टक्के, रोजच्यासारखाच. पण रिपोर्टवर सही झाली होती आणि गिऱ्हाइकाला कारवाई दाखवायची होती, म्हणून वाळूतलं पाणी कमी केलं. वाळू कोरडी पडली, साच्याच्या कडा ढासळायला लागल्या, धातूबरोबर वाळू आत गेली. आता भोकंही आणि वाळूही. चार दिवस रिजेक्शनचा ढीग वाढत गेला. चौथ्या दिवशी फेटलिंगमधल्या, म्हणजे नग साफ करायच्या विभागातल्या, एका मामांनी परत आलेले नग ओळीनं मांडून नुसतं बोट दाखवलं: सगळी भोकं कोअरच्या अंगाला, म्हणजे आत पोकळी राहावी म्हणून साच्यात वाळूचा घट्ट गाभा बसवतात त्या बाजूला. बाहेरच्या अंगाला, जिथं वाळूच्या साच्याचा धातूशी संबंध, तिथं एकही नाही. मग कोणीतरी एक कोअर मधोमध फोडला. वरनं टणक, आतनं कच्चा. कोअर शॉपमध्ये नवा पोरगा लागला होता, तो घाईघाईनं लवकर काढत होता.

साहेबांनी मला ओरडायला केबिनमध्ये नाही बोलावलं. चहाच्या टपरीवरच म्हणाले, "भोकं होती, गुळगुळीत होती, कोअरच्या अंगाला होती. तीन गोष्टी. तू त्यातल्या दोनच बघितल्यास आणि चौथी मनातनं लिहिलीस. कंपनीनं त्या चौथीवर चार दिवस घालवले. रिपोर्टमध्ये बघितलंस ते लिही. वाटलं ते मला इथं सांग, चहा मी देतो."

पाव घेऊन आल्यावर मी हे सगळं पोरीला सांगितलं. मला वाटलं ती म्हणेल, वा पप्पा. ती म्हणाली, "पण मग सगळी भोकं कोअरच्या अंगाला आहेत एवढ्यावरनं कोअर कच्चाच आहे हे तरी कुठं सिद्ध होतं? कोअरमधनं गॅस जायची वाट बुजलेली असेल." बरोबर होतं. वाट बुजून पण तसंच होतं, कोअरला आधार द्यायला बसवतात ते लोखंडी तुकडे गंजलेले असले तरी होतं.

इथं मला त्या प्रश्नातला 'सर्वाधिक आधार' हा शब्द नीट कळला. हे प्रश्न दोन प्रकारचे असतात. एकात विचारतात, वरचं खरं असेल तर काय खरं असलंच पाहिजे. तिथं सुटका नाही, उत्तर लोखंडी हवं. दुसऱ्यात विचारतात, कशाला जास्तीत जास्त आधार आहे. तिथं उत्तर सिद्ध व्हायलाच हवं असं नाही. समोर ठेवलेल्या चार-पाच पर्यायांत ज्याच्याकडं जायला सर्वांत छोटी उडी मारावी लागते ते उचलायचं. 'दोष साच्याच्या वाळूपेक्षा कोअरकडून आला असण्याची शक्यता जास्त' हे वाक्य भोकांच्या जागेवरून लिहिता येतं. 'कोअर कच्चा होता' हे कोअर फोडल्याशिवाय लिहिता येत नाही. आणि 'नवा पोरगा आळशी आहे' हे कोअर फोडूनही लिहिता येत नाही, जरी त्या आठवड्यात सगळ्या शॉपमध्ये तेच चाललं होतं. (पोरगा आळशी नव्हता. त्याला वेळ किती ठेवायचा हेच कोणी सांगितलं नव्हतं.)

शक्यता, काही, असू शकतं, नेहमीच नाही: रिपोर्टमध्ये हे शब्द दिसले की आम्ही समजतो लिहिणारा अंग काढून घेतोय. या पेपरात हेच शब्द दिसले की पोरगी पेन्सिलनं बारीक टिंब देते. उलट सर्व, फक्त, कधीच, मुळेच दिसलं की भुवई वर. पण एवढ्या शब्दांवर भरवसा ठेवून चालत नाही. पेपर काढणारे बेरकी असतात. उताऱ्यातच 'सर्व' असेल तर उत्तरातही 'सर्व' बरोबर असू शकतं. उतारा जेवढा जोरात बोलतो तेवढंच उत्तर जोरात बोलू शकतं, जास्त नाही.

'काही' या शब्दानं तर मला फार छळलं. आमच्यात 'काही पीस गेले' म्हणजे पाच-दहा गेले. या परीक्षेत 'काही' म्हणजे किमान एक, आणि सगळेसुद्धा चालतात. शंभरपैकी शंभर गेले तरी 'काही गेले' हे वाक्य खोटं ठरत नाही. हे मला पटायला दोन रविवार लागले. 'बहुतेक' म्हणजे निम्म्याहून जास्त. त्यावरनं एक गंमत कळली, ती मी शॉपमध्येही सांगितली. आमच्या सेक्शनची पार्टी झाली होती, एकवीस माणसं. समजा सांगितलं, बहुतेकांनी तांबडा घेतला आणि बहुतेकांनी पांढरा घेतला. आता काय नक्की? एकवीसमध्ये बहुतेक म्हणजे कमीत कमी अकरा. अकरा आणि अकरा बावीस. वाट्या बावीस, माणसं एकवीस. म्हणजे किमान एका माणसानं दोन्ही घेतलेच. पण 'काहींनी तांबडा घेतला, काहींनी पांढरा घेतला' म्हटलं तर काहीच हातात येत नाही. वेगवेगळी माणसं असू शकतात. यावर आमचा ऑपरेटर म्हणाला, "साहेब, कोल्हापुरात दोन्ही न घेणारा माणूस दाखवा." तो मुद्दा बरोबर आहे, पण लिहिलेला नाही.

जुलैत खरी परीक्षा झाली ती व्हॉट्सअॅपवर.

आमच्या गल्लीच्या ग्रुपवर मेसेज फिरला: राधानगरी धरणाचे तीन दरवाजे उघडले, उद्या सकाळी शहरात पाणी, दूध-भाजी भरून ठेवा. बायको म्हणाली, "अहो, गॅस सिलिंडरचं बघा आधी." तिची चूक नाही. २०१९ ला पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं, शिरोलीजवळ हायवे बुडाला होता, आणि मी कित्येक दिवस घरात बसून होतो. बावड्यातून शियेकडं जाणारा रस्ता, जो माझा रोजचा, तो तर त्याच्याआधीच बंद होतो. ज्यांनी ते बघितलंय त्यांना 'राधानगरी' शब्द ऐकला की पोटात गोळा येतो.

पोरीनं मात्र मेसेज बघून तिथंच वहीत चार पर्याय पाडले. अ, उद्या सकाळपर्यंत शहरात पाणी शिरेल. ब, राधानगरी धरण जवळजवळ भरलेलं आहे. क, २०१९ सारखा पूर येईल. ड, पाणी सोडायला सरकारनं उशीर केला. आणि म्हणाली, सांगा.

मी छाती पुढं काढून ब सांगितलं. कारण राधानगरीचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत. पाणी ठरावीक पातळीला आलं की ते आपोआप उघडतात, कोणी बटण दाबत नाही. दरवाजा उघडला याचा अर्थ तळं त्या पातळीला आलं. म्हणून ड पण बाद, कारण उघडायला कोणी माणूसच नाही तर त्यानं उशीर कुठला केला! एका दरवाजातून १४२८ क्युसेक, तीन म्हणजे ४२८४. हे पाणी भोगावतीतून येतं. पण पंचगंगा काही एकट्या भोगावतीची नाही. कासारी, कुंभी, तुळशी आहेत. त्यांच्या खोऱ्यांत पाऊस किती, हे मेसेजात नाही. शहरात आत्ता पातळी किती, हेही नाही. म्हणजे अ आणि क हवेतले.

मला वाटलं, आता पैकीच्या पैकी.

"स्वयंचलित आहेत हे मेसेजमध्ये कुठं लिहिलंय?"

मी म्हटलं, अगं हे आख्ख्या कोल्हापूरला माहीत आहे! ती म्हणाली, कोल्हापूरला माहीत असेल, दिल्लीत पेपर सोडवणाऱ्या पोराला नाही. त्याच्या हातात एवढाच कागद आहे. त्यानं काय करायचं? मेसेजात नुसतं 'दरवाजे उघडले' आहे. धरण रिकामं करायला पण दरवाजे उघडतात, दुरुस्तीला पण उघडतात.

यावर आमची चांगलीच जुंपली. माझं म्हणणं, बाहेरचं काहीच वापरायचं नसेल तर 'पाणी खाली वाहतं' हे पण लिहून पाहिजे. शेवटी तडजोड झाली ती अशी: कुठल्याही गावच्या माणसाला ठाऊक असेल एवढं धरायचं, आपल्या गावचं धरायचं नाही. पाणी खाली वाहतं, माणसं झोपतात, महाग वस्तू कमी लोक घेतात, एवढं चालतं. राधानगरीचे दरवाजे चालत नाहीत. मग तिनं वहीत उताऱ्याच्या वर एक ओळ वाढवली, 'दरवाजे पाणी पूर्ण पातळीला आल्यावरच आपोआप उघडतात', आणि म्हणाली, आता तुमचं ब बरोबर. म्हणजे मी उत्तर बरोबर दिलं होतं, पण प्रश्न माझा मीच बदलून घेतला होता. तीच जुनी खोड. चौथी गोष्ट मनातनं.

संध्याकाळी मी बंधाऱ्यावर जाऊन आलो. आमच्याकडं पावसाळ्यात हा फिरायला जायचा भाग आहे, लोक पोराबाळांना घेऊन पाणी बघायला येतात, कणसं खातात. ३९ फूट इशारा, ४३ धोका. पाणी ३६ च्या आसपास होतं. मी ग्रुपवर तेवढंच टाकलं: 'राजाराम बंधारा, संध्याकाळी सहा, अंदाजे ३६ फूट.' कोणीही उत्तर दिलं नाही. तीन दरवाजेवाल्या मेसेजला एकोणीस अंगठे आणि सहा हात जोडलेले होते. दुसऱ्या दिवशी शहरात पाणी आलं नाही, पण त्यावरनं तो मेसेज मूर्खपणाचा होता असंही म्हणता येत नाही. आलं असतं तरी तो आधाराचा ठरला नसता. ही दुसरी बाजू मला जास्त अवघड जाते.

आमच्या शेजारी एक जुने पैलवान आहेत, सत्तरीच्या पुढचे. कान मोडलेले, गुडघे गेलेले, आवाज शाबूत. एकदा ते चहाला आले असताना पोरगी तालमीचाच प्रश्न घेऊन बसली होती, तिनं स्वतः तयार केलेला. एका तालमीत दहा वर्षांत पोरांची संख्या निम्म्यावर आली. जिल्ह्याला पदक घेणाऱ्यांची संख्या मात्र होती तेवढीच राहिली. आधार कशाला? एक पर्याय: राहिलेली पोरं पूर्वीपेक्षा चांगली तयार होतात. दुसरा: तालमीतल्या पोरांत पदक घेणाऱ्यांचं प्रमाण वाढलं. मला पहिला आवडला. कमी पोरं म्हणजे वस्तादाचं लक्ष जास्त, खुराक नीट, मेहनत नीट.

पैलवान म्हणाले, "आरं, कच्ची हुती ती गेली असतील."

बस. एका वाक्यात माझा पर्याय चितपट. समजा साठातली सहा पदकं होती, आता तीसातली सहा. दहा टक्क्यांचे वीस टक्के झाले, प्रमाण वाढलं हे आकड्यातच आहे. पण राहिलेला एकही पोरगा पहिल्यापेक्षा तसूभर चांगला न होताही हे होऊ शकतं, नुसती जी पदकं घेणार नव्हती ती निघून गेली की झालं. पोरगी त्यांच्याकडं बघतच राहिली. नंतर मला म्हणाली, "हे क्लासवाल्यांना समजवायला पाऊण तास लागला होता." पैलवान मात्र प्रमाण-बिमाण ऐकून न घेता तालमी ओस का पडल्या यावर पाऊण तास बोलले. त्यातल्या बऱ्याच गोष्टींना आधार नव्हता, ऐकायला फार छान होत्या.

ऑगस्टमध्ये मी एकदा तिच्याबरोबर वेळ लावून बसलो. सव्वीस प्रश्न, पंचवीस मिनिटं. पंधरा बरोबर, अकरा चूक. पाव-पाव वजा जाऊन सव्वाबारा. तिचे एकवीस बरोबर. माझ्या अकरा चुकांपैकी आठ एकाच जातीच्या निघाल्या. त्या आठ प्रश्नांसमोर तिनं लाल पेननं तेच दोन शब्द लिहिले होते. बाकीच्या तीन चुका चष्म्याच्या.

एक मात्र मी तिला शिकवलं, कारण हिशेब हा माझा प्रांत. ती शंका असलेले प्रश्न सोडून द्यायची, पाव मार्काच्या भीतीनं. मी म्हटलं, चारपैकी दोन पर्याय नक्की चुकीचे काढलेस की उरलेल्या दोनांत ठोकून दे. निम्म्या वेळा एक मिळणार, निम्म्या वेळा पाव जाणार. सरासरी प्रत्येक प्रश्नाला पावणेचार दशांश फायदा. अगदी चारही पर्याय अंधारात असले तरी हिशेब किंचित आपल्याच बाजूला पडतो, पण त्यासाठी वेळ घालवू नये. तिनं आकडे परत परत मांडून बघितले आणि मग मान्य केलं. मी सांगितलंय म्हणून तिनं मान्य केलं नाही, याचा मला आनंद झाला की वाईट वाटलं ते अजून ठरलं नाही.

या सगळ्यात आमच्या घरात एकच माणूस असा आहे, ज्याला ही परीक्षा मंजूर नाही. माझी आई. वय अठ्ठ्याहत्तर. तिची बैठक गॅलरीत, आणि तिथनं समोरच्या घराचा उंबरा दिसतो. गणपतीच्या आधीच्या रविवारी ती म्हणाली, "समोरच्या पोरीचं जमलं."

नातीनं वही काढली. "कशावरनं, आज्जी?"

"तीन आयतवार झालं, दारात पाव्हण्याच्या चपला. पैल्यांदा दोन जोड. मागल्या आयतवारी चार. आज सहा, आन त्यात एक कापशी पायताण, कोरं करकरीत. पोरगी पुण्याला असती, पर तिन्ही बारीला घरात."

पोरीनं उत्साहानं पर्याय पाडले. अ, लग्न ठरलं आहे. ब, त्या घरी तीन रविवार बाहेरची माणसं आली होती. क, घरात कोणीतरी आजारी आहे. ड, ते घर विकायला काढलंय. आणि आज्जीला समजावून सांगितलं, की ब ला सर्वाधिक आधार आहे, कारण अ, क आणि ड तिन्हींत माणसं येतात, पोरगी पण येते, आणि नवीन पायताण कोणीही घालतं. मी पण आता शहाणा झालो होतो, मान डोलावली. बायको म्हणाली, "आई, घर विकायचं चाललंय असं मी पण ऐकलं." आईनं तिघांकडं बघितलं आणि शेंगा सोलायला घेतल्या.

"आज्जी, लग्न ठरलंय हे कुठं लिहिलंय?" पोरगी हसत म्हणाली.

त्या दिवशी आई काही बोलली नाही. दसऱ्यानंतर एका संध्याकाळी मी कामावरनं आलो तर समोरच्या वहिनी नुकत्याच येऊन गेल्या होत्या. चहाचे कप तसेच होते. पोरगी खोलीत मॉक सोडवत होती, दार बंद. आई तिच्या दारात जाऊन उभी राहिली, हातातला लांबट लखोटा दारावर टकटक वाजवला, आणि दार उघडल्यावर तो नातीच्या वहीवर ठेवून म्हणाली,

"हितं लिवलंय बघ."